मागणीचा अधिकार कोणाचा?

औषधसाठ्यासाठी संगणकप्रणाली घेतलेल्या अनेक चिकित्सालयांत एकच पासवर्ड सर्वजण वापरतात. मग मागणी कोणी नोंदविली, हे कळत नाही. उत्तर मात्र वैद्यालाच द्यावे लागते. आमच्या मते प्रत्येकास स्वतंत्र प्रवेश असावा. साहाय्यकाने मागणी तयार करावी, मंजुरी वैद्याने द्यावी. वत्सनाभ, कुचला, भल्लातक अशा अनुसूची ई(१)मधील द्रव्यांच्या कल्पांबाबत यात सवलत नकोच. काम सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

किमान साठ्याचा आकडाही प्रणालीने सुचविला म्हणून स्वीकारू नये. आमचे कुरुंदवाड कृष्णा-पंचगंगेच्या संगमानजीकचे. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर येथे सर्वांच्या स्मरणात आहेत. म्हणून जूनच्या आरंभी आम्ही हा आकडा वाढवितो, पावसाळा सरताच पूर्ववत करतो. ही वाढ सरसकट नसावी. नियम १६१-ब अन्वये आसवारिष्टांची मुदत १० वर्षे, चूर्णांची अवघी २. शिवाय दमट हवेत चूर्ण लवकर बिघडते. (‘दहावर एक मोफत’ हा निकष संगणकास शिकवू नये, हे सांगणे न लगे!) नोंदींची एक प्रत पूररेषेबाहेर ठेवावी.