पाण्याकाठची चित्रशाळा

कोल्हापुरात चित्रकला शिकणारा मुलगा कधी ना कधी बोर्ड, कागद आणि पाण्याचा डबा घेऊन रंकाळा तलावावर किंवा पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसतोच. ‘लँडस्केप करायला जाणं’ हा इथल्या शिक्षणाचा नेमच आहे. हे शहर कलापूर म्हणून ओळखलं जातं, त्यात राजाश्रयाचा वाटा मोठा आहे. पण इथल्या तळ्यांचा आणि घाटांचा वाटाही तेवढाच मोलाचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आबालाल रहिमान हे या परंपरेतलं आद्य नाव. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि राजर्षी शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. मुंबईत नाव आणि पैसा दोन्ही मिळालं असतं. त्यांनी मात्र कोटितीर्थ तलावाच्या परिसरात साधं राहणं पसंत केलं आणि भोवतालचा निसर्ग आयुष्यभर रंगवला. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. १९३१ मध्ये त्यांचं निधन झालं.

तेच तळं पुन्हा पुन्हा रंगवावंसं का वाटतं, हे ब्रश हातात घेतल्यावर कळतं. रंकाळ्यातला संध्यामठ घ्या. काळ्या दगडाचा हा मठ पावसाळ्यात पाण्यात बुडतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडा पडतो. त्याचं प्रतिबिंब बरोबर त्याच्या खालीच पडतं, पण रंग तोच नसतो. गडद दगड पाण्यात किंचित फिका दिसतो आणि उजळ आकाश किंचित गडद. वाऱ्याची झुळूक आली की प्रतिबिंबावर एक फिकट आडवी रेघ उमटते. कागद ओला असतानाच ती सोडावी लागते. नंतर खरवडून तो ताजेपणा येत नाही. सकाळी नऊनंतर सावल्या सरकतात, मग चित्र तिथंच थांबवावं लागतं. एवढं सगळं टिपताना कालची काळजी आणि उद्याची धास्ती आपसूक मागे पडते.

या अनुभवाच्या आसपास संशोधनही बरंच झालं आहे. अमेरिकेतले रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं त्यामागचं एक कारण मांडलं. कामात आपण लक्ष ओढूनताणून एकाग्र करतो आणि ते थकतं. हलणारी पानं, सरकणारे ढग, पाण्यावरचे तरंग मात्र ताण न देता लक्ष वेधून घेतात आणि त्या वेळात थकलेल्या मनाला विसावा मिळतो. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांची माहिती तपासणारा अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्यातून किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती आणि मन:स्थिती चांगली असल्याचं सांगणारे अधिक होते. ज्यांची तब्येत मुळातच बरी, ते बाहेर जास्त पडत असतील, ही शक्यता अशा अभ्यासात उरतेच. त्यामुळे तळ्याकाठी बसणं हा औषधाला पर्याय मानू नये.

तरीही एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तळ्याभोवती फेऱ्या मारणारे अनेकजण मोबाईलमध्येच असतात. चित्र काढणाऱ्याला ती सोय नाही. त्याला बघावंच लागतं. निसर्ग विसावा देतो आणि कला त्या विसाव्यात आपल्याला थांबवून ठेवते. चित्र चांगलं येवो न येवो, हा लाभ सगळ्यांना सारखाच.

रवींद्रनाथ ठाकुरांनी हे शिक्षणातच आणलं. १९०१ मध्ये शांतिनिकेतनात त्यांनी सुरू केलेल्या शाळेचे वर्ग झाडांखाली भरत. पुढे तिथल्या कलाभवनात नंदलाल बोस विद्यार्थ्यांना सभोवतालची झाडं, माणसं, ऋतू निरखायला लावत. कोल्हापूरचे विनायक मासोजी तिथं शिकले आणि पुढे शिकवूही लागले.

आज प्रश्न आहे तो पाण्याचाच. रंकाळ्यात सांडपाणी मिसळलं, जलपर्णी पसरली, दुर्गंधी सुटली, असं वर्षानुवर्षं घडत आलं आहे. कोटितीर्थाचीही हीच व्यथा. तळ्यांचं जतन म्हटलं की आपण दिवे, कठडे आणि फरसबंदी यांचा हिशेब मांडतो. नाल्यांचं पाणी प्रक्रिया होऊनच बाहेर पडणं, काठावरची जुनी झाडं टिकणं आणि सावलीत तासभर निवांत बसायला पायऱ्या मिळणं, या गोष्टी त्या हिशेबात पहिल्या यायला हव्यात. त्याचा फायदा चित्रकारांइतकाच गुडघेदुखीच्या आजीला आणि परीक्षेनं धास्तावलेल्या मुलालाही होईल. शाळांनी चित्रकलेचा एखादा तास तरी जवळच्या ओढ्याकाठी, तळ्याकाठी घ्यावा. जे पाणी मुलांनी तासभर निरखून रंगवलं, त्यात कचरा टाकताना त्यांचा हात नक्की अडखळेल आणि मोठेपणी त्या पाण्यासाठी भांडणारे नागरिक त्यांच्यातूनच तयार होतील.