ब्रेकमधील हवा काढण्याची घरगुती रीत

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड व आसपासच्या गावी बैलगाडीची बरीचशी कामे आता जीप, पिकअप व छोटे टेंपो करतात. कापूस-सोयाबीन बाजारास न्यावयाचे, खत-बियाणे आणावयाचे, हे तर नित्याचेच. प्रसंगी भरल्या मालानिशी तेलगाव-धारूर मार्गावरील धारूरचा घाटही उतरावा लागतो. इंजिनाच्या तेलाची चौकशी बहुतेक मालक करतात. ब्रेकच्या तेलाची चौकशी मात्र पेडल तळाला टेकेपर्यंत कोणी करीत नाही, आणि घाटात ती वेळ फार उशिराची ठरते.

ब्रेकच्या पेडलवर दिलेला दाब मास्टर सिलिंडरमधून नळ्यांतील तेलामार्फत चारही चाकांपर्यंत पोचतो. द्रव दाबाने आकसत नाही, म्हणूनच हे शक्य होते. हवा मात्र आकसते. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबून पाहावा. आत हवा असेल तर दांडा बराच खाली जातो, पाणी भरले असेल तर जागचा हलत नाही. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो व चाकापर्यंत थोडाच पोचतो.

हवा शिरते ती तेलाची डबी रिकामी होऊ दिल्याने, नळी किंवा रबरी वायसर बदलल्याने अथवा गळतीमुळे. दुसरे कारण अधिक फसवे आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे. ओलावा शोषल्यानंतर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ प्रतीसाठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात, जुने तेल उकळते, वाफ धरते आणि पेडल एकाएकी पोकळ होते. गाडी थंड झाली की पेडल पूर्ववत लागते व चालकास भास झाल्यासारखे वाटते. तो भास नव्हे. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा, आणि तेल सुमारे दोन वर्षांनी किंवा वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीस बदलावे.

पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल व दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होत असेल, तर बहुधा हवा आहे असे समजावे. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात असेल तर दोष गळतीचा किंवा मास्टर सिलिंडरचा आहे. तेथे हवा काढून काही साधणार नाही. वाहन उभे करून कुशल मिस्त्रीस दाखवावे.

साहित्य थोडेच लागते. निपलला नेमका बसणारा रिंग पाना (तो बहुधा ८, १० किंवा ११ मिलिमीटरचा असतो), हातभर पारदर्शक नळी, काचेची बाटली, जॅक, भक्कम घोडी, चाकांना लावण्यास लाकडी ठोकळे आणि सीलबंद डब्यातील योग्य प्रतीचे तेल. उघड्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोपरे झिजतात. निपल गंजलेला असल्यास आदल्या संध्याकाळी गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. जोर करून तो मोडला तर दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते. इंजिनाचे तेल किंवा डिझेल ब्रेकच्या डबीत कदापि घालू नये, कारण त्याने रबर फुगून निकामी होते. उलट, काही ट्रॅक्टरांच्या ब्रेकला खनिज तेलच लागते. त्यांची पुस्तिका पाहिल्यावाचून हात लावू नये.

सपाट जागी गाडी उभी करून इंजिन बंद करावे, चाकांना ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे बहुधा मागच्या डाव्या चाकापासून, आरंभ करावा. मग मागचे उजवे, पुढचे डावे व शेवटी पुढचे उजवे. काही गाड्यांत हा क्रम वेगळा असतो. पुष्कळ पिकअपना मागे ओझ्याप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. त्यांची मागची चाके लोंबकळत न ठेवता गाडीचा भार चाकांवरच ठेवावा.

नळीचे एक टोक निपलवर बसवून दुसरे बाटलीतील तेलात बुडवावे. सोबत्याने पेडल सावकाश दाबून "दाबले" म्हणावे. खालच्याने निपल पाव फेरा सैल करताच तेल व बुडबुडे बाहेर येतील आणि पेडल खाली जाईल. ते तसेच दाबून धरावे. निपल घट्ट झाला, "सोड" असे ऐकू आले, की मगच सोडावे. सारे मर्म येथेच आहे, कारण निपल उघडा असता पाय उचलला तर काढलेली हवा परत आत ओढली जाते. जुन्या गाडीत पेडल थेट तळापर्यंत नेऊ नये. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागातील गंजाने वायसर कापला जातो. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा. पाच-सहा खेपांनंतर डबी पाहून नवे तेल भरावे. ती रिकामी झाली तर आरंभापासून सर्व काम पुन्हा करावे लागते.

सोबती नसेल तर निपल किंचित सैल करून तेल आपल्या भाराने ठिबकू द्यावे. यास वेळ लागतो, पण रीत भरवशाची आहे. एबीएस असलेल्या काही गाड्यांतील हवा मात्र गॅरेजमधील खास उपकरणावाचून पूर्ण निघत नाही.

काम संपल्यावर पेडल मिनिटभर जोराने दाबून सर्व निपल कोरडे असल्याची खात्री करावी. इंजिन सुरू केल्यावर पेडल थोडे खाली जाऊन स्थिरावते, ते योग्यच आहे. पहिली परीक्षा मोकळ्या आवारात, सावकाश चालवून घ्यावी. रंगावर सांडलेले तेल लगेच पाण्याने धुवावे, अन्यथा रंग उखडतो. काढलेले तेल विषारी असते. ते विहिरीजवळ वा ओढ्यात न ओतता, झाकण लावून, मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे आणि जुने तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.