वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : अपेक्षा आणि वास्तव

आमच्या आईवडिलांच्या पिढीला दोन वेळचे पोटभर जेवण मिळणे हीच मोठी गोष्ट होती. त्या काळी अंगाने भरलेला माणूस सुखी समजला जाई. आज त्याच घरांतील मुले शिकली, नोकरीला लागली, टेबलखुर्चीवर बसून काम करू लागली. आम्ही बँकेतील मंडळी तर सकाळी काउंटरमागे बसतो ते संध्याकाळी रोकड जुळली की उठतो. परिणामी मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि लठ्ठपणा हे पाहुणे आता आपल्याही घरात मुक्कामाला आले आहेत.

लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करता येते, हे महाराष्ट्रातील सामान्य माणसाला बहुधा वृत्तपत्रांतून कळले. २०११ साली श्री. नितीन गडकरी यांनी आणि २०१४ साली श्री. अरुण जेटली यांनी अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी लावलेल्या जाहिराती रस्तोरस्ती दिसू लागल्या. दोन छायाचित्रांच्या मध्ये काय घडते, हे मात्र जाहिरात सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका तोच आहे.

आम्ही डॉक्टर नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी आमच्या वहिनींच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. त्या वेळी जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते सभासद बंधुभगिनींच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

चार ओळींचा कागद

वहिनींचे वय तेव्हा ४६, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ११० किलो. मधुमेहासाठी रोज इन्शुलिन. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढताना त्या प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभ्या राहत. पथ्य, चालणे, चूर्णे, काढे सर्व करून झाले होते. दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, “ऑपरेशननंतर तुम्हाला काय काय व्हायला हवे ते लिहा.” वहिनींनी चार ओळी लिहिल्या. एक, वजन ५५ किलो व्हावे. दोन, साखरेची औषधे कायमची बंद व्हावीत. तीन, थोरल्याच्या लग्नात स्वतःच्या लग्नातला शालू, त्याच ब्लाउजसह नेसता यावा. चार, जिना न थांबता चढता यावा.

डॉक्टरांनी कागद वाचला आणि चौथ्या ओळीवर खूण केली. म्हणाले, “हे बहुतेक मिळेल. बाकीच्या तीन ओळींबद्दल आपण आधी नीट बोलू. त्याशिवाय मी तारीख देणार नाही.” आम्हाला त्या वेळी हा माणूस उत्साहावर पाणी ओततो आहे असे वाटले. आज वाटते, खरा उपचार त्या दिवशी सुरू झाला.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या शस्त्रक्रियेत अंगावरची चरबी काढून टाकत नाहीत. बदल होतो तो जठरात आणि आतड्यात. आज दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. पहिल्या प्रकाराला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. दुसरा प्रकार बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत थोड्याशा अन्नाने पोट भरते. शिवाय भूक आणि साखर यांवर ताबा ठेवणाऱ्या आतड्यातील संप्रेरकांतही बदल होतो. वहिनींना मधुमेह आणि आम्लपित्त दोन्ही असल्यामुळे डॉक्टरांनी बायपास सुचविला, कारण स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास वाढू शकतो.

टक्केवारी कशाची?

आता पहिली ओळ : वजन ५५ किलो. आम्हाला कोणीतरी सांगितले होते की या शस्त्रक्रियेने ‘साठ ते सत्तर टक्के’ वजन उतरते. आम्ही घरी बसून हिशेब केला आणि वहिनी चाळीस किलोच्या होणार या कल्पनेने घाबरलोच! बँकेत आयुष्य गेले, तरी ‘टक्के कशावर?’ हा साधा प्रश्न आम्हाला सुचला नाही.

ही टक्केवारी एकूण वजनावर नसते, जादा वजनावर असते. वहिनींच्या उंचीला साधारण ६० किलोपर्यंतचे वजन योग्य धरले, तर ११० मधून ६० वजा जाता जादा वजन ५० किलो. त्याचे साठ टक्के म्हणजे ३० किलो. म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी वजन राहणार ८०. वैद्यकशास्त्र ज्याला यश म्हणते, त्याला वहिनींच्या कागदावर अपयश म्हटले गेले असते. रोगी निराश होतो तो येथे.

ही चूक केवळ आमचीच नव्हे. १९९७ साली अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन कमी करू इच्छिणाऱ्या ६० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे उपचार शस्त्रक्रियेचा नव्हता, पण प्रश्न हाच होता. त्या स्त्रियांना सरासरी ३२ टक्के वजन उतरायला हवे होते. १७ किलो उतरले तर ‘निराशा होईल’ असे त्यांनी सांगितले होते. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर सरासरी १६ किलो उतरले. १६ किलो ही लहान गोष्ट नव्हे, तरीही सुमारे निम्म्या स्त्रिया स्वतःच ठरविलेल्या निराशेच्या आकड्यापर्यंतही पोचल्या नाहीत. अपेक्षा मुळातच चुकली की चांगला निकालसुद्धा दुःख देतो.

पहिली दोन वर्षे आणि पुढची दहा

दुसरा प्रश्न काळाचा. याविषयीची मोठी पाहणी स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झाली. शस्त्रक्रिया झालेले २०१० आणि न झालेले २०३७ रुग्ण वर्षानुवर्षे तपासले गेले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले, आणि ही टक्केवारी एकूण वजनावरची आहे. दहा वर्षांनी मात्र घट २५ टक्के उरली. वहिनींच्या हिशेबात सांगायचे, तर ११० चे ७५ होतील आणि पुढे ८२ च्या आसपास स्थिरावतील. थोडे वजन परत येणे हा गुन्हा नव्हे, तो शरीराचा स्वभाव आहे. हे आधी माहीत असेल तर माणूस दोन किलो वाढताच ‘सगळे वाया गेले’ म्हणून पथ्य सोडत नाही.

दुसऱ्या ओळीचे उत्तरही याच पाहणीत मिळते. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी मधुमेहींपैकी ७२ टक्के रोगमुक्त दिसले. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. म्हणजे साखर आटोक्यात येण्याची आशा रास्त आहे, पण ‘कायमची बंद’ हा शब्द कोणी देऊ नये आणि कोणी घेऊ नये. असे असूनही सुमारे अकरा वर्षांच्या सरासरी काळात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. खरा नफा तो आहे, पण आरशात तो दिसत नाही.

जोखीम आणि जन्मभराचा हप्ता

२००९ साली अमेरिकेत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या ३० दिवसांत हजारी सुमारे ३ रुग्ण दगावले आणि शंभरी सुमारे ४ जणांना गंभीर अडचण आली. धोका मोठा नाही, पण शून्यही नाही. जो ‘काहीच धोका नाही’ म्हणतो, त्याला पुन्हा विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरचे जीवन असे असते. सुरुवातीला काही दिवस फक्त पातळ पदार्थ, मग वाटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. तेही लहान वाटीभर, सावकाश चावून. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाच्या अंतराने. ताटात आधी अंडे, मासे, चिकन, उसळ, डाळ, दही; भात-भाकरी मागाहून. बायपासनंतर श्रीखंड-जिलेबी खाल्ली तर घाम, धडधड, पोटात मुरडा असा त्रास होऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात. झपाट्याने वजन उतरल्याने पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटाची, दंडाची कातडी लोंबते आणि ती व्यायामाने पूर्ववत होत नाही.

लोह, कॅल्शियम, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व वेळोवेळी रक्ततपासणी जन्मभर चालू राहते. डोके दुखले म्हणून कोणतीही वेदनाशामक गोळी घेता येत नाही. बायपासनंतर काही गोळ्यांनी आतून जखम होऊ शकते. तंबाखू, विडी-सिगारेट सोडावीच लागते. दारूपासून तर विशेष सावध राहावे. बायपासनंतर ती फार लवकर चढते आणि पूर्वी फारसे न पिणाऱ्यालाही व्यसन लागू शकते. तरुण स्त्रियांनी पुढे एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असे सांगतात. आम्ही याला जन्मभराचा हप्ता म्हणतो. कर्ज एका दिवसात मिळते, हप्ते मात्र आपणच भरायचे असतात.

२०२५ पासून वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली आहेत. कोणाला काय योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पण तेथेही नियम तोच आहे. औषध थांबले की वजन बऱ्याच अंशी परत येते.

विम्याची अट वाचा

बँकेतील माणूस म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा एक निर्देशांक असतो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. वहिनींचा जवळपास ४६ होता. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी २७.५ च्या वर शस्त्रक्रियेचा विचार करावा असे म्हणतात. परंतु आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत हा निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक लागतो. ३५ च्या वर असेल तर हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार, आणि आधीचे उपचार निष्फळ झाल्याची नोंद लागते. म्हणजे डॉक्टर ‘होय’ म्हणतील तेथे विमा कंपनी ‘नाही’ म्हणू शकते. म्हणून मुदत ठेव मोडण्यापूर्वी पॉलिसी संपूर्ण वाचा, प्रतीक्षाकाळ पाहा आणि कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. पुढील गोळ्या-तपासण्यांचा खर्च वेगळा धरून ठेवा.

विद्यार्थी मित्रांसाठी

विद्यार्थी मित्रांनो, लठ्ठपणा हा केवळ आळसाचा किंवा खादाडपणाचा परिणाम नव्हे. आनुवंशिकता, संप्रेरके, काही औषधे, झोप, कामाचे स्वरूप अशी अनेक कारणे त्यामागे असतात. वर्गातील एखाद्या मुलाला त्याच्या अंगावरून नाव ठेवणे म्हणजे जन्मावरून नाव ठेवण्यासारखेच आहे. पालकांनाही विनंती, की मुलीचे लग्न जमावे म्हणून तिला या शस्त्रक्रियेकडे ढकलू नका. ही शस्त्रक्रिया आजारासाठी आहे, स्थळासाठी नव्हे. संसारातील कलह, एकटेपणा, लोकांचे टोमणे यांवर सुरी चालत नाही.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने डॉक्टरांना निदान एवढे प्रश्न विचारावेत : माझे वजन किती किलो उतरेल आणि दहा वर्षांनी किती राहील? माझ्या आजारांपैकी कोणता सुधारेल, कोणता नाही? चूक झाली किंवा गुंतागुंत झाली तर रात्री कोणाला बोलवायचे? आहारतज्ज्ञ किती वर्षे भेटतील? आणि मुख्य म्हणजे, ही शस्त्रक्रिया मी कोणासाठी करतो आहे?

वहिनींनी त्या भेटीनंतर दोन महिने घेतले. मग नवा कागद लिहिला : वजन ८० च्या आसपास, इन्शुलिन सुटावे, जिना चढावा. शस्त्रक्रियेला आता अडीच वर्षे झाली. वजन ७९ आहे. इन्शुलिन सुटले, एक गोळी चालू आहे. सातव्या महिन्यात केस गळून हातात आले तेव्हा त्या एक दुपार रडल्या आणि “हे मला आधी सांगितले होते,” असे म्हणून स्वतःच उठल्या. गेल्या वर्षी थोरल्याचे लग्न झाले. शालू तोच नेसल्या. ब्लाउज मात्र नवे शिवले. आणि जिना? आता त्या वर पोचतात आणि आमची वाट पाहत दारात उभ्या राहतात.

चमत्काराची वाट पाहणारा माणूस फसतो आणि हिशेब मांडून पुढे जाणारा माणूस सहसा फसत नाही. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणावर असा निर्णय घेण्याची वेळ आली, तर त्यांनी आधी एक कोरा कागद घ्यावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने नम्र विनंती.