वाईनची मांडणी घ्यायचीय? आधी भिंत पाहा!

लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवायच्या, पापडांचा डबा कोणत्या फळीवर आणि तिखटाची बरणी कुठे, हे कुणी गृहिणीला शिकवायला नको. पण वाईनच्या बाटल्यांची मांडणी? असं नुसतं म्हटलं तरी काही जणी दचकतात आणि काही जणी हळूच कान टवकारतात! कारण उघड आहे. नाशिकची सहल झाली की चिवडा नि मनुकांच्या पिशवीबरोबर एखादी वाईनची बाटलीही हल्ली घरात येते. दिवाळीला यजमानांच्या ऑफिसातून येते, लग्नाच्या वाढदिवसाला भावाकडून येते. बघता बघता चार-पाच बाटल्या जमतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "अगं, एक छानसा वाईन रॅक का घेत नाहीस हॉलमध्ये?"

घ्यायला हरकत नाही. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये ही खरेदी करताना दुकानातल्या मांडणीपेक्षा आपल्या घरातली भिंत जास्त महत्त्वाची, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. परदेशी मासिकांतली चित्रं पाहून घेतलेली मांडणी आपल्याकडे नुसती शोभेची होते आणि आतली वाईन मात्र मे महिन्यात फुकट जाते.

आपल्याकडे ही वाईन आली कुठून?

महाराष्ट्राला द्राक्षं नवी नाहीत, वाईन मात्र तशी अलीकडची. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला फेसाळणारी वाईन तयार करून ती परदेशातही पाठवली. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० साली त्यांची 'सुला' बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आखलं. त्यानंतर नाशिकच्या आसपास कारखाने वाढत गेले, आणि मुंबईहून कसारा घाट चढून द्राक्षमळे पाहायला जाणाऱ्यांच्या गाड्याही! जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा वाद झाला ते आपल्याला आठवत असेल. थोडक्यात, वाईन घरात असावी की नसावी, याबद्दल आपल्या समाजात आजही एकमत नाही. मांडणीचा विचार करताना हेही विसरून चालत नाही. त्याबद्दल पुढे बोलूच.

बाटलीला काय हवं असतं?

लोणचं सांभाळता येणाऱ्या बाईला वाईन सांभाळणं अवघड नाही. दोघांनाही अंधार हवा, गारवा हवा आणि सारखी हलवाहलव नको. फरक इतकाच, की लोणच्याला दमटपणा चालत नाही आणि बुचाच्या वाईनला तो थोडा हवासा वाटतो.

वाईनला मानवतं ते साधारण १२ ते १५ अंश सेल्सियस तापमान, आणि तेही वर्षभर एकसारखं. आता आपल्या मुंबईत एवढा गारवा जानेवारीच्या पहाटेसुद्धा क्वचितच मिळतो! उन्हाळ्यात दुपारी पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे जातो. अशा उष्णतेत बाटली काही आठवडे राहिली की आतली वाईन फुगते, बूच वर सरकतं, कधी बाजूने पाझरतं, आणि चव शिजवल्यासारखी होते. ऊन आणि दिव्याचा प्रखर उजेडही वाईनला बाधतो. म्हणून तर पुष्कळ बाटल्या गडद हिरव्या काचेच्या असतात.

बाटली आडवी का ठेवायची, असं पुष्कळ जणी विचारतात. त्याचं कारण बुचात आहे. बाटली आडवी असली की वाईन बुचाला लागून राहते आणि बूच ओलं राहतं. उभ्या बाटलीचं बूच काही महिन्यांनी सुकून आक्रसतं, आत हवा शिरते आणि वाईन आंबट होऊ लागते. पण नाशिकच्या पुष्कळ बाटल्यांना आता फिरकीचं पत्र्याचं झाकण असतं. त्या उभ्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही. तेव्हा आधी घरातल्या बाटल्यांची झाकणं बघा. सगळी फिरकीची असतील तर आडव्या खणांच्या महागड्या मांडणीची मुळात गरजच नाही; एक साधं बंद कपाट पुरे.

घरातल्या चांगल्या-वाईट जागा

सर्वांत वाईट जागा म्हणजे फ्रिजचा माथा. तिथे उष्णताही असते आणि थरथरही. दुसरी वाईट जागा ओट्यावरचं गॅसजवळचं कपाट. तिसरी जागा माळा. आणि तुमचा फ्लॅट गच्चीखालचा असेल तर माळ्याचं नावच काढू नका, वरचा स्लॅब दिवसभर तापतो. चौथी जागा मात्र सर्वांच्या आवडीची, ती म्हणजे हॉलमधलं शोकेस. समजा, बोरिवलीत तुमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी तीन ते सहा ऊन थेट शोकेसच्या काचेवर येणार. त्यात शोभेसाठी आतून दिवे लावलेले! दिसायला झकास, पण बाटल्यांना ती भट्टीच.

मग चांगली जागा कोणती? बाहेरच्या भिंतीला न लागलेली, जमिनीलगतची आणि बंद. दोन खोल्यांमधल्या पॅसेजच्या कपाटाचा खालचा कप्पा, बेडरूममधल्या लाकडी कपाटाचा तळ, बॉक्स-पलंगाचा आतल्या भिंतीकडचा खण, या जागा उत्तम. जुन्या इमारतींत कडप्प्याच्या फळ्यांचं कोनाड्यातलं कपाट असतं, त्याचा खालचा खण तर या कामाला फारच चांगला. रेल्वेलाईनला अगदी खेटून घर असेल तर लोकलची थरथर ज्या भिंतीला सर्वांत कमी जाणवते ती भिंत निवडा.

एक सोपी परीक्षा सांगते. साधा भिंतीवरचा थर्मामीटर आणा. ठरवलेल्या जागी तो एक दिवस ठेवा, आणि सकाळी सातला, दुपारी तीनला व रात्री दहाला आकडा लिहून घ्या. एप्रिल-मे महिन्यात हे केलंत तर सर्वांत बरं. दोन-तीन जागा अशा तपासल्या की घरातली सर्वांत गार जागा आपोआप कळते. तिन्ही आकड्यांत फरक जितका कमी, तितकी जागा चांगली.

किती बाटल्यांची घ्यावी?

दुकानदार चोवीस बाटल्यांची मांडणी पुढे करेल. "ताई, पुढे लागेलच की!" म्हणेल. त्याला नम्रपणे नाही म्हणा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पांढऱ्या आणि गुलाबी वाईन वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात. लाल वाईन जरा जास्त टिकतात. वर्षानुवर्षं मुरवून ठेवण्याजोग्या वाईन थोड्या, आणि त्यांना लागणारा गारवा आपल्या फ्लॅटमध्ये नाही. तेव्हा मुंबईच्या घरात वाईन मुरत नाही, ती फक्त वाट पाहते! आणि वाट पाहायला तिला फार दिवस लावू नयेत.

वर्षभरात घरात किती बाटल्या येतात आणि किती उघडल्या जातात, याचा हिशेब मांडा. बहुतेक घरांना सहा खण पुरतात. पाहुण्यांची वर्दळ असली तर आठ. रिकामे खण दिसले की ते भरावेसे वाटतात, हा मनुष्यस्वभाव आहे. साड्यांच्या कपाटावरून आपल्याला ते ठाऊक आहेच.

ज्यांना खरोखर हौस आहे आणि बजेटही आहे, त्यांच्यासाठी आठ-बारा बाटल्यांचे विजेवरचे छोटे वाईन-कूलर मिळतात. पण त्यांना मागे-बाजूला हवा खेळायला जागा लागते, वीज चोवीस तास लागते आणि थोडी घरघरही असते. झोपायच्या खोलीत तो नको.

लाकडाची, लोखंडाची की स्टीलची?

लाकडाची मांडणी सर्वांत चांगली, कारण ती थरथर शोषून घेते आणि लवकर तापत नाही. सागवान किंवा शिसव परवडत नसेल तर दमटपणा सोसणारं प्लाय वापरून सुताराकडून करून घ्या. वाळवीचं औषध मात्र आठवणीने लावून घ्या. बांबूची घडीची मांडणी हलकी आणि स्वस्त असते, पण पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावी लागते. साधं लोखंड आपल्या खाऱ्या हवेत गंजतं, म्हणून घ्यायचंच तर पावडर कोटिंग केलेलं घ्या. स्टीलची मांडणी गंजत नाही, पण गुळगुळीत दांड्यांवर बाटली घसरते. दांड्यांना रबराच्या नळ्या चढवून घ्या.

भिंतीवर टांगायची मांडणी दिसायला सुबक असते. पण जरा वजनाचा हिशेब करा. भरलेली एक बाटली साधारण सव्वा किलोची, फेसाळणाऱ्या वाईनची त्याहून जड. बारा बाटल्या म्हणजे पंधरा-सोळा किलो, वर मांडणीचं वजन वेगळं. नव्या इमारतींतल्या पातळ आडभिंतीत साध्या खिळ्यावर हे ओझं टांगू नका. घरात लहान मूल असेल तर टांगलेली मांडणी नकोच.

दुकानात जाताना

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जा नाहीतर घराजवळच्या दुकानात, पर्समध्ये मोजपट्टी आणि पिशवीत एक रिकामी बाटली असू द्या. शक्य तर फेसाळणाऱ्या वाईनची, कारण ती पोटात सर्वांत रुंद असते. मग एवढं पाहा:

१. खण निदान ९ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन इंच रुंद आहे ना? कमी असेल तर जाड बाटली अडकते.

२. खोली किती आहे? बाटली साधारण १२ इंच लांब असते. मान थोडी बाहेर राहिली तर चालेल, पण निम्मी बाटली बाहेर लोंबत असेल तर येता-जाता पदर अडकणार.

३. बाटली सपाट आडवी राहते ना? मान वर उचललेली राहिली तर बूच कोरडंच राहील.

४. मांडणी हाताने हलवून पाहा. रिकामी असतानाच डुगडुगत असेल तर भरल्यावर काय होईल?

५. ठरवलेल्या कपाटाचं आतलं माप बरोबर नेलंय ना? मांडणी कपाटात बसायला हवी, कपाट मांडणीसाठी बदलायला लागू नये.

घरातली माणसं

आता नाजूक विषय. मांडणी म्हणजे पाहुण्यांना न बोलता केलेली एक घोषणाच असते. घरात सासूबाई-सासरे असतील, त्यांना हे पटत नसेल, तर देवघरासमोरच्या भिंतीवर बाटल्यांची आरास करून आपण काय मिळवणार? विकत घेण्याआधी घरातल्या सगळ्यांशी मोकळेपणी बोला. मजा अशी, की वाईनला जी जागा मानवते तीच घरालाही मानवते. खाली, अंधारात, बंद दाराआड. त्या दाराला कुलूप लावा, म्हणजे मुलांचाही प्रश्न सुटतो. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांना त्रास नाही आणि बाटलीला ऊन नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, आणि दारू विकत घ्यायला व जवळ बाळगायला परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. मांडणीबरोबर परवान्याचीही चौकशी करून टाकावी.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरातल्या कुणाचं पिणं हौसेपलीकडे गेलेलं असेल, रोजच्या रोज बाटली उघडत असेल, पगाराचा हिशेब लागत नसेल, तर हा मांडणीचा प्रश्नच नव्हे. कुलूप लावून किंवा बाटल्या लपवून तो सुटत नाही, आणि त्यात आपली लाज वाटण्यासारखंही काही नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने अशा कितीतरी संसारांना हात दिला आहे. मुंबईतही अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका होतात, आणि घरच्या माणसांसाठी अल्-अॅनॉनचे गट असतात. अशा घराने मांडणीचे पैसे बाजूला ठेवून पहिलं पाऊल तिकडे टाकावं.

एवढं करा

मांडणी आली की प्रत्येक बाटलीच्या मानेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा आणि ती घरात आल्याची तारीख लिहा. लोणच्याच्या बरणीला आपण लावतो तशीच. जुनी बाटली आधी, नवी नंतर. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी येते, ती कोरड्या फडक्याने टिपून घ्या. मार्च लागला की ज्या बाटल्या येत्या काही महिन्यांत उघडायच्या आहेत त्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हलवा. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. उरलीच तर मटणाच्या किंवा मशरूमच्या रश्श्यात थोडी घालून पाहा. आणि नाशिकहून परतताना बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात तापू देऊ नका. जुन्या चादरीत गुंडाळून आत पायाशी ठेवा. घाटातल्या उन्हात बिघडलेली वाईन घरी कितीही चांगल्या मांडणीत ठेवली तरी सुधारत नाही.