कोरडे केस म्हणजे नेमकं काय?

विषय ऐकून काही भुवया उंचावल्या आहेत, ते इथून दिसतं आहे. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, डोक्यावर उरलेले केस मोजता येतील इतके, आणि बोलणार कुरळ्या केसांवर! (हशा) पण हा विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्या घरात राहायला आला.

आमची नात एकोणीस वर्षांची आहे. केस दाट, कुरळे, कोरडे, पावसाळ्यात तर पिंजलेल्या कापसासारखे. लहानपणापासून आम्ही तिला लाडानं 'झिपरी' म्हणत आलो. गेल्या जूनमध्ये तिनं जाहीर केलं की साठवलेले पैसे घालून ती केस कायमचे सरळ करून घेणार. का, असं विचारलं तर म्हणाली, "आजोबा, जन्मभर झिपरी राहायचं कोणाला असतं?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, महिनाभर थांब, आधी दोघं मिळून समजून घेऊ. त्या महिन्यात जे कळलं ते आज सांगतो.

आमची सवय अशी की आधी शब्द तपासायचा. 'केस कोरडे झालेत, त्यांना ओलावा हवा' असं सगळे म्हणतात. कोरडं म्हणजे पाणी कमी असलेलं, हे उघड वाटतं. मग एक कोडं सोडवा. हवेत सर्वांत जास्त पाणी असतं जुलैत. केस पाण्यासाठी तहानलेले असतील तर जुलैत ते तृप्त व्हायला हवेत. पण बिघडतात ते नेमके तेव्हाच! म्हणजे आपल्या व्याख्येत काहीतरी चुकतं आहे.

केस हवेतलं पाणी शोषतो हे जुनं ज्ञान आहे. 1783 साली जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक जगापुढे मांडला. हवा दमट झाली की केस लांब होतो, कोरडी झाली की आखडतो. पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत फरक साधारण दोन-अडीच टक्के. तेवढ्यावर काटा हलतो. हे गृहस्थ तिथल्या अकादमीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, म्हणजे आमच्याच खात्यातले, हे सांगायचा मोह आवरत नाही. आणि गंमत पाहा, मापक नीट चालावा म्हणून ते केस सोड्याच्या पाण्यात उकळून आधी त्याचं तेल काढून टाकत. तेल गेलं की केस हवेला जास्त मोकळेपणानं प्रतिसाद देतो. आपल्याला जे नको आहे तेच त्यांना हवं होतं.

आता केसाची रचना. आत केराटिन या प्रथिनाचे तंतू, बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, आणि त्या खवल्यांवर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर. खवले नीट मिटलेले असतील तर बोट घसरतं आणि आपण म्हणतो 'मऊ आहेत'. ते उचकटले, वरचा थर गेला, की बोट अडखळतं आणि आपण म्हणतो 'कोरडे आहेत'. म्हणजे 'कोरडेपणा' हे बरंचसं स्पर्शाचं वर्णन आहे, पाण्याचं मोजमाप नव्हे. उलट खराब झालेला केस पाणी झटकन घेतो आणि झटकन सोडतो. दमट हवेत तो फुगतो, प्रत्येक केस आपल्या मर्जीनं वळतो, शेजाऱ्याशी जुळत नाही. त्यालाच आपण केस पिंजारले म्हणतो.

कुरळ्यांनाच हा त्रास जास्त का? टाळूचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. वळणावळणाच्या केसावर ते मुळाशीच अडकतं. शिवाय प्रत्येक वळणावर खवल्यांवर ताण येतो. आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कंबरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच वर्षांचं असतं! पाच वर्षांचं ऊन, साबण आणि फणी त्यानं सोसलेली असते. टाळूबाहेरचा केस निर्जीव असतो, त्याला 'पोषण' देता येत नाही. दुभंगलेलं टोक कोणत्याही बाटलीनं कायमचं सांधत नाही, ते कापावं लागतं. नातीनं चार बोटं कापले. रडली थोडी.

इथे तेलाबद्दल थोडं जास्त बोलू. आपल्याकडे तेल लावलं म्हणजे ओलावा दिला असं मानतात. हा घोळ फार जुना आहे. न्याय-वैशेषिकांनी 'स्नेह' हा गुण फक्त पाण्याचा मानला. पिठाचा गोळा होतो तो त्याच्यामुळे. मग तेल स्निग्ध कसं? तर म्हणाले, तेलात पाण्याचा अंश असतो. व्यवस्था टिकवण्यासाठी केलेली ही कसरत आम्ही चाळीस वर्षं वर्गात गंभीर चेहऱ्यानं शिकवली. प्रत्यक्षात तेल पाणी देत नाही, पाण्याची ये-जा मंद करतं. आणि सगळी तेलं सारखी नाहीत. 2003 साली रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातल्या प्रथिनांची झीज कमी केली ती फक्त खोबरेलानं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं, ते केसाच्या आत शिरतं. तेव्हा आजीचं खोबरेल बरोबर होतं. ते न्हाण्याच्या काही तास आधी लावायचं.

धुण्याचं पथ्य सोपं. अंगाचा साबण केसाला नको. तो अल्कधर्मी असतो, त्यानं खवले उचकटतात, आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका केसावर बसतो. शिकेकाई किंचित आम्लधर्मी, म्हणून ती या बाबतीत बरी. शाम्पू सौम्य, तोही टाळूपुरता. कंडिशनर मात्र मुळांना नाही, लांबीला. त्यातले धनभारित रेणू केसाच्या ऋणभारित, म्हणजे नेमक्या झिजलेल्या जागी जाऊन बसतात. तो तीन-चार मिनिटं ठेवायचा आणि गुंता तेव्हाच, ओल्या केसात, मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर सोडवायचा. कोरड्या कुरळ्या केसात फणी घालणं म्हणजे भांडण उकरून काढणं.

खरी मेख पुढे आहे. केस ओला झाला की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. जुनं सुती धोतर घ्या, त्यात केस मुठीनं दाबून पाणी टिपा. मग निथळणं थांबलेल्या पण ओल्याच केसाला जवसाचं जेल लावून, बटा मुठीत दाबून सोडून द्या. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच गाळायचे. गार झाल्यावर गाळायला गेलात तर आमच्यासारखे फसाल. जेल वाळून कडक झालं की हातानं हलकेच चुरायचं. आणि हो, केस अचानक कोरडे झाले, सोबत थकवा असेल, वजन वाढत असेल, तर जेल बाजूला ठेवून थायरॉइड तपासा.

महिना संपून आता बरेच महिने झाले. केस सरळ करायचे की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. ते तिनंच ठरवायचं. आम्ही 'झिपरी' म्हणणं बंद केलं आहे, दोनदा तोंडातून निसटलं तेवढं सोडून. जेलची बाटली फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी असते. तिच्यावर नातीनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे, 'आजोबा, हे खायचं नाही'. तसं लिहिण्यामागे एक प्रसंग आहे, पण वेळ संपत आली. प्रश्न असतील तर घेऊ या.