बंगळूरचे नवे मराठी बिऱ्हाडकरू

मराठी माणसाला बंगळूर परके वाटावे असे खरे म्हणजे काही कारण नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडांचे हे नगर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. मराठा, भावसार, नामदेव शिंपी अशी कितीतरी घरे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. त्यांची घरातली मराठी कानडी हेलाची असते आणि उंबऱ्याबाहेर ती माणसे कानडीच बोलतात. दोहोंत त्यांना कधी विरोध दिसला नाही.

गेल्या चाळीस वर्षांत मात्र तेथे निराळाच मराठी बिऱ्हाडकरू आला आहे. १९८१ साली पुण्यात निघालेली इन्फोसिस १९८३ साली बंगळूरला गेली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने तेथे केंद्र उघडले. आणि मग सांगली-नाशिक-नागपूरची नुकती पदवी घेतलेली मुले-मुली या शहरात उतरू लागली. यांची राहणी पाहिली म्हणजे वडीलधारी मंडळी बावरतात. एका सदनिकेत तिघी राहतात: एक मराठी, एक तेलुगू, एक बंगाली. अमेरिकेची सकाळ ती यांची संध्याकाळ, म्हणून काम रात्रीपर्यंत चालते. जेवण फोनवरून मागवले जाते; ते घरपोच करणारी स्विगी २०१४ साली याच शहरात जन्मली. सकाळी पोह्यांऐवजी दर्शिनीत टोकन घेऊन उभ्याउभ्याच इडली आणि फिल्टर कॉफी. आईचा प्रश्न तेवढा जुनाच, "जेवलीस का गं?" परक्या गावी स्वतःच्या मिळकतीवर एकटी राहणारी ही मुलगी लग्नाचा विचार आपल्या सवडीने करते, यात मला तरी बिघडलेले काही दिसत नाही.

गणपती तर हौसेने बसतो. इमारतीतील दहा भाषांची माणसे जमतात आणि फोनवर रोमन लिपीत उमटलेली मराठी आरती टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणतात.

खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हिंदी-इंग्रजीवर सारे निभते, त्यामुळे दहा वर्षे राहूनही पुष्कळांना कानडीचे एकच वाक्य येते, "कन्नड गोत्तिल्ला", म्हणजे कानडी येत नाही! घरमालकाला ते खुपते, आणि त्याचे खुपणे अवाजवी नाही. जुन्या घरांनी कानडी आपलीशी करूनही मराठी राखली. नव्या घरांत कानडी आली नाहीच, आणि मुलांच्या खेळातली मराठीही इंग्रजीने हटवली.

तथापि, २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कानडी शिकणे सक्तीचे केले. परिणामी आता अशा घरांतले सात-आठ वर्षांचे पोर बसवरची पाटी वाचते आणि बस कोठे जाते ते आईबापांना सांगते. भाजीवाल्याशी भाव करायचा झाला तरी आई त्यालाच पुढे करते.