१६० की ७०? एका एसएमएसमध्ये मराठी किती मावतं!

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय म्हणजे एकतर हेडफोन घरी राहिलेत, नाहीतर शेजारी बॉस बसलाय. चालेल. आज नेहमीसारखंच जनरल नॉलेज आहे: थोडं विज्ञान, थोडी भाषा, थोडी संस्कृती आणि थोडा धंदा. फक्त चारही प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत. ती म्हणजे साधा एसएमएस. ओटीपी आला की बघतो आणि विसरतो, तोच.

हा विषय डोक्यात आला तो माझ्या आत्यामुळे. आत्या सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. तिला रक्ततपासणीला शहरात बोलावलं होतं. आदल्या दिवशी फोनवर इंग्रजीत मेसेज आला. तिला त्यातला १० हा आकडा कळला, म्हणजे १० वाजता जायचं. उपाशीपोटी यायचंय हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचून दाखवणार? आत्या पोहे खाऊन, चहा पिऊन, एसटीने गेली आणि तशीच परत आली. संध्याकाळी मला फोन, "अरे, तुम्ही कंप्युटरवाले लोक मराठीत का नाही पाठवत रे?"

आता गंमत अशी की मी ज्या कंपनीत काम करतो, तिथे आम्ही दवाखान्यांसाठी असेच मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर बनवतो. आणि "मराठी मेसेज बंद करू, खर्च दुप्पट होतोय" हे ज्या मीटिंगमध्ये ठरलं, त्यात मीही मान डोलावली होती. त्यामुळे आत्याला लगेच उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आज देतो.

प्रश्न पहिला, विज्ञान: १६० हा आकडा आला कुठून?

१९८५ सालची गोष्ट. युरोपात जीएसएम म्हणजे मोबाइल फोनचे नियम ठरत होते. त्या कामात फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचे जर्मन इंजिनिअर होते. बॉनमधल्या आपल्या घरी ते टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करत बसले आणि प्रत्येक वाक्यातली अक्षरं, आकडे, स्पेस सगळं मोजलं. बहुतेक मजकूर १६० च्या आत संपत होता. मग लोकांची पोस्टकार्डं आणि टेलेक्सचे निरोप पाहिले, तिथेही साधारण तेच. म्हणजे माणसाला एका वेळी जे सांगायचं असतं, ते एवढ्यात मावतं.

पण मेसेजला वेगळा रस्ता नव्हता. फोन आणि टॉवर आपसात जे तांत्रिक निरोप पाठवतात, त्याच वाटेवर थोडी जागा मोकळी होती. ती शेवटी १४० बाइट ठरली. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे १,१२० बिट. इंग्रजीच्या प्रत्येक चिन्हाला ७ बिट दिले. १,१२० भागिले ७ म्हणजे बरोबर १६०.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये गेला. नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या इंजिनिअरने तो कंप्युटरवरून पाठवला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'. आणि ट्विटरची जुनी १४० ची मर्यादा आठवते? तीही इथलीच. एसएमएसचे १६०, त्यातले २० युजरनेमला राखीव.

प्रश्न दुसरा, भाषा: 'ज्ञानेश्वरी'त किती अक्षरं?

तुम्ही म्हणाल चार. ज्ञा, ने, श्व, री. शाळेतल्या बाईंनी पूर्ण मार्क दिले असते. फोन मात्र ११ मोजतो. त्याच्यासाठी ज, हलन्ताचा पाय, ञ, काना, न, मात्रा, श, परत पाय, व, र आणि वेलांटी ही सगळी सुटी चिन्हं आहेत. 'क्ष' दिसायला एक, पण आत तीन.

मग मराठी लांबलचक भाषा आहे का? अजिबात नाही. हाच शब्द इंग्रजी लिपीत लिहिला की १२ अक्षरं होतात, उलट एक जास्तच. फरक डब्याच्या मापात आहे. ७ बिटांत फक्त १२८ चिन्हं बसतात. त्यात इंग्रजी आली, काही युरोपीय भाषांची अक्षरं आली, ग्रीकची थोडी कॅपिटल अक्षरंसुद्धा आली. देवनागरी नाही. मेसेजमध्ये देवनागरीचं एक जरी चिन्ह आलं, की फोन अख्खा मेसेज दुसऱ्या पद्धतीने लिहितो. त्यात प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात. आता भागाकार करा: १,१२० भागिले १६ म्हणजे ७०.

हा नियम फक्त मराठीला नाही. इंग्रजी मेसेजमध्ये एक इमोजी टाका, तोही ७० वर येतो. आणि आपलं रुपयाचं चिन्ह, ₹? ते २०१० मध्ये आलं, त्या १२८ च्या यादीत ते नाही. त्यामुळे एका ₹ पायी इंग्रजी मेसेजचीही मर्यादा १६० वरून ७० होते. बँकेचे जुने मेसेज उघडून बघा, बऱ्याच ठिकाणी अजून 'आर एस' नाहीतर 'आय एन आर' दिसेल.

प्रश्न तिसरा, संस्कृती: आपण मराठी इंग्रजी अक्षरांत का लिहायला लागलो?

कारणं बरीच आहेत. बटणांच्या फोनवर देवनागरी टाइप करणं म्हणजे शिक्षा होती, आणि कित्येक फोनवर तर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. पण पैसा हेही एक कारण होतं. आठवतंय, दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला मेसेज पॅक चालायचं नाही आणि प्रत्येक मेसेजचे सुटे पैसे कापले जायचे? अशा वेळी १६० सोडून ७० कोण घेणार? तारेच्या जमान्यात शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून लोक तुटक लिहायचे. भारतातली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण काटकसरीची ती सवय तोवर आपल्या अंगठ्यात उतरली होती.

या काटकसरीत एक गोष्ट गेली. के, ए, एल एवढं लिहिलं की ते काल असू शकतं, काळ असू शकतं, कळ किंवा कलसुद्धा. 'मामा काल आला' आणि 'मामा, काळ आला' यात केवढा फरक आहे! गप्पांमध्ये आपण अंदाजाने वाचतो आणि हसतो. औषधाच्या किंवा तपासणीच्या मेसेजमध्ये असा अंदाज बरा नव्हे.

प्रश्न चौथा, धंदा: मराठी मेसेज महाग कसा पडतो?

कंपन्या ठोक भावात मेसेज घेतात, आणि बिल तुकड्यांवर लागतं. ७० च्या वर एक चिन्ह गेलं की दोन तुकडे, म्हणजे दोन मेसेजचे पैसे. शिवाय तुकडे परत जोडायची माहिती आत ठेवावी लागते, म्हणून प्रत्येक तुकड्यात ७० नाही, ६७ च चिन्हं मावतात. इंग्रजीत तेच १६० चे १५३ होतात.

आमचा मराठी मजकूर असा होता:

"उद्या सकाळी १० वाजता तपासणीसाठी या. येताना काही खाऊ नका. जुने रिपोर्ट आणा."

मोजून बघा, ७४ चिन्हं. इंग्रजी मजकूर शंभराच्या वर जातो, तरी एकाच मेसेजमध्ये मावतो. आपला ७४ चा, पण पैसे दोनचे. हजारो मेसेजच्या हिशोबात हा आकडा मीटिंगमध्ये लाल रंगात दिसतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "इंग्रजीच ठेवा ना." त्या दिवशी एकानेही विचारलं नाही की ती चार चिन्हं कमी होतील का. मीही नाही.

आत्याच्या फोननंतर मी तो मजकूर परत उघडला. आत्या बोलताना 'येताना काही खाऊ नका' म्हणतच नाही. ती म्हणते 'उपाशीपोटी'. तेच लिहिलं:

"उद्या सकाळी १० वाजता तपासणीसाठी उपाशीपोटी या. जुने रिपोर्ट आणा."

६३ चिन्हं. एक मेसेज, इंग्रजीइतकाच खर्च.

यात अडचण नाही असं नाही. पेशंटचं नाव घातलं तर मर्यादा ओलांडते, आणि एका घरात एकच फोन असेल तर नाव लागतंच. तिथे दोन मेसेजचे पैसे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण 'मराठी परवडत नाही' हे वाक्य पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर आधी विचारा: मजकूर मोजला का? की इंग्रजीचा जसाच्या तसा उतरवून ठेवला?

आमच्याकडे हा मेसेज आता मराठीत जातो. आणि ७० मधून ६३ गेले की सात चिन्हं उरतात. त्यात 'आत्या', पुढे एक स्वल्पविराम आणि एक स्पेस बरोबर बसतात. करून बघितलंय.

तुमच्या फोनमध्ये असा एखादा मेसेज असेल, जो घरातल्या कुणाला कळला नाही, तर तो मराठीत ७० च्या आत बसवून बघा आणि आम्हाला पाठवा. निवडक मेसेज पुढच्या भागात वाचू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!